सृष्टिगीतातला माणूस

असिसीकर संत फ्रान्सिस यांचे ‘सृष्टिगीत’ उंब्रिया प्रांताच्या लोकबोलीत रचलेले आहे. इटालियन काव्याच्या अगदी आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. त्यातली बहुतेक कडवी रचली गेली तेव्हा, १२२५च्या सुमारास, फ्रान्सिस सान दामियानोच्या चर्चशेजारी चटयांच्या खोपटात आजारी पडून होते. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना दिवसा ऊन आणि रात्री विस्तवाचा उजेड सोसवत नव्हता. तरीही सृष्टीतला पहिला मान त्यांनी सूर्याला दिला आणि अग्नीलाही भाऊ म्हटले. स्वतःला काय सुसह्य आहे, हे पाहून त्यांनी स्तुती वाटलेली नाही.

या गीताची साधेपणाची रीत पाहावी. चंद्र-तारका बहिणी, वारा भाऊ, पाणी बहीण, आणि पृथ्वी एकाच वेळी बहीण व आई. प्रत्येकाच्या वाट्याला चारदोन नेहमीची विशेषणे येतात. पाण्याच्या उपयुक्ततेशेजारीच त्याची नम्रता ठेवलेली आहे. अग्नीचे बळ सांगताना त्याचा आनंदी स्वभाव सुटत नाही. वाऱ्याबरोबर निरभ्र आकाशाला मान मिळतो, तसा ढगाळ हवेलाही. उपमा-रूपकांची आरास कवीने मांडलेली नाही. व्रत म्हणून स्वीकारलेले दारिद्र्य त्यांनी शब्दांतही पाळले आहे.

या कुटुंबात माणूस कुठे आहे? देवाचे नाव घेण्याचीही आपली पात्रता नाही, एवढेच सुरुवातीला सांगून तो बाजूला होतो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत सगळे येऊन गेल्यावर त्याची पाळी येते, आणि तीही एका भांडणामुळे. असिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात वैर पेटले होते. बिशपांनी त्याला धर्मबहिष्कृत केले, तर त्याने बिशपांशी देवघेव करायला नगरात बंदी घातली. जुन्या चरित्रपरंपरेनुसार फ्रान्सिस यांनी एक नवे कडवे जोडले आणि ते आपल्या बंधूंकडून दोघांसमोर गाऊन घेतले. समेट झाला. देवाच्या प्रेमाखातर क्षमा करणारे, आजार व दुःख शांतपणे सोसणारे लोक या कडव्यात धन्य ठरतात.

माझ्या मते गीताचा कळस इथे आहे. सूर्य नुसता तळपला तरी देवाची स्तुती होते, पाणी नुसते वाहिले तरी होते. माणसाला मात्र त्या गायनात सामील होण्यासाठी क्षमा करावी लागते. जी दया देवाकडून मिळाली ती पुढे दिली, की सृष्टीच्या समूहात त्याचाही सूर लागतो. १२२६च्या ऑक्टोबरात फ्रान्सिस यांचे निधन झाले. त्याआधी जोडलेल्या कडव्यात ते मृत्यूलाही बहीण म्हणू शकले, कारण वैराला आता जागाच उरली नव्हती.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचे नाव याच गीतातून आले, आणि पर्यावरणाचे गीत म्हणून ते जगभर पोहोचले. पण क्षमेचे कडवे गाळून ते वाचले, तर हाती फक्त निसर्गवर्णन उरेल. म्हणून वाचकांनी ते सबंध वाचावे. झाडापाण्यावर माया करायची आणि शेजाऱ्याशी अबोला धरायचा, याला या गीताची संमती नाही.