सामान्य वाचकांसाठी न्यायसहायक विज्ञान : तीन परिचयग्रंथ

गुन्ह्याच्या तपासात आणि न्यायनिवाड्यात विज्ञानाचा जो उपयोग केला जातो त्यास न्यायसहायक विज्ञान म्हणतात. बोलताना आपण फॉरेन्सिक हाच शब्द वापरतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद तीत आहे; अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. अळणावरच्या मुलामुलींना जवळ असलेल्या धारवाडात जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या संकुलाची पायाभरणी झाली. तेव्हा या विषयावरचे पहिले पुस्तक कोणते वाचावे, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. येथे इंग्रजीतील तीन पुस्तके एकाच कसोटीवर पाहावयाची आहेत : हे शास्त्र कोठे चुकू शकते, ते पुस्तक वाचकाला सांगते काय?

चंदक सेनगुप्त यांचे 'इम्प्रिंट ऑफ द राज' (२००३) मला तिघांत सरस वाटते. बोटांच्या ठशांचे शास्त्र विलायतेतून आले, हा समज ते मोडून काढते. १८९७ साली कलकत्त्यात ठसे विभाग स्थापन झाला. तेथील वर्गीकरण एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेले. पण १,०२४ कप्प्यांत ठसे लावण्याची गणिती योजना बसविली ती प्रामुख्याने अझीझुल हक या गणिताच्या पदवीधराने, आणि त्यांच्यासोबत हेमचंद्र बोस यांनी. हेन्रींच्या १९०० सालच्या पुस्तकात दोघांचाही उल्लेख नाही. शाळेत गणित नकोसे वाटणाऱ्या मुलांना हे प्रकरण अवश्य वाचून दाखवावे. जलपाइगुडीच्या चहामळ्यातील खटला तर अधिकच बोलका आहे. मारल्या गेलेल्या व्यवस्थापकाच्या सामानातील पंचांगावर रक्ताळलेला ठसा सापडला व तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल मात्र नाही. ठसा माणूस तेथे होता एवढेच सांगतो, त्याने काय केले ते सांगत नाही, हा विवेक त्या न्यायाधीशांपाशी होता.

व्हॅल मॅकडर्मिड या रहस्यकथा लिहिणाऱ्या बाई. त्यांचे 'फॉरेन्सिक्स' (२०१४) घटनास्थळापासून निघून न्यायालयात संपते. मधे कीटक, विष, आग, हाडे असा मोठा पसारा आहे. शैली इतकी ओघवती की रात्रीचे जेवण राहून जावे. परंतु याच ओघात प्रत्येक तज्ज्ञ नायक होऊन बसतो. सुदैवाने ठशांच्या प्रकरणात शर्ली मॅकी या स्कॉटिश पोलीस महिलेची हकीकत येते. खुनाच्या घरातील ठसा तिचाच, असे तज्ज्ञांनी शपथेवर सांगितले होते. तो तिचा नव्हता. याच्या जोडीला ब्रँडन मेफिल्ड यांचे प्रकरण वाचले पाहिजे. २००४ च्या माद्रिद स्फोटानंतर अमेरिकेच्या एफबीआयने या वकिलाला ठशाच्या आधारे दोन आठवडे अटकेत ठेवले. स्पेनच्या पोलिसांनी आधीच शंका घेतली होती, आणि ठसा अखेर दुसऱ्याच माणसाचा निघाला. मेफिल्ड यांनी इस्लाम स्वीकारलेला होता. पुढील सरकारी चौकशीत असे म्हटले गेले की, मूळ चूक धर्मामुळे झाली नाही, पण शंका निघाल्यावरही फेरविचार न होण्यात त्याचा वाटा असावा. यंत्र निःपक्ष असेलही. भिंगातून पाहणारा डोळा माणसाचाच असतो.

जिम फ्रेझर यांचे छोटेखानी पुस्तक (ऑक्सफर्ड, २०१०) कोरडे आहे, पण प्रामाणिक आहे. नमुना दूषित कसा होतो आणि 'जुळले' या शब्दाचा अर्थ किती मर्यादित असतो, हे ते नीट समजावते. परीक्षेची तयारी करणाऱ्याने हेच घ्यावे.

तिन्ही पुस्तकांत आपला आजचा तपास मात्र नाही. पंचनामा कोणी केला, पंच खरोखर हजर होते काय, पाकिटावर लाखेचे सील होते काय, मुद्देमाल ठाण्यात किती दिवस पडून राहिला, यांवर आपल्याकडचे खटले उभे राहतात किंवा कोसळतात. नार्को चाचणीचे वेडही असेच आपले. मुद्रांक घोटाळ्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीची चाचणी बंगळूरला झाली आणि तिच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. २००८ साली पुण्याच्या न्यायालयाने मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेऊन खुनाची शिक्षा सुनावली. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीविना करता येणार नाहीत असा निर्णय दिला. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा म्हणून चालणार नाही, असे स्पष्ट केले. मराठीत जो कोणी नवे परिचयपुस्तक लिहील त्याने हा निर्णय तळटीपेत न टाकता त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे, आणि पहिले प्रकरण प्रयोगशाळेऐवजी पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीपासून सुरू करावे.