हाक कोणी मारायची?

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला आणि भारतात मोबाईल सुरू झाला. तेव्हा फोन करायचे पैसे पडत, तसे आलेला फोन घ्यायचेही. साहजिकच मोबाईल ही मिरवायची वस्तू होती. मुंबईत 9820 ने सुरू होणारा नंबर म्हणजे जुना आणि खिसा गरम असलेला गिऱ्हाईक, असा हिशेब असे. त्या नंबराची कंपनी आधी मॅक्सटच होती, मग ऑरेंज, मग हच, 2007 मध्ये व्होडाफोन आणि 2020 पासून व्हीआय. नंबर तोच राहिला, पाटी चारदा बदलली. मोबाईलच्या जाहिरातकलेत याच काळात झालेली उलथापालथ मात्र पाट्यांपेक्षा खोल आहे.

2003 मध्ये इनकमिंग फुकट झाले आणि मोबाईल भाजीवाल्यापर्यंत पोचला. आता जाहिरातवाल्यांपुढे पेच असा, की नेटवर्क डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवायचे कसे? हचने त्याच वर्षी एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे जाणारे पग जातीचे कुत्रे दाखवले. फोन नाही, टॉवर नाही, दर नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीला चार पाय देण्याची ही करामत भारतीय जाहिरातीच्या इतिहासात वरच्या रांगेत बसते. 2009 च्या आयपीएलमध्ये आलेले व्होडाफोनचे झूझू त्याच घराण्यातले. अनेकांना ते अ‍ॅनिमेशन वाटले. प्रत्यक्षात पांढऱ्या पोशाखात माणसेच वावरत होती. कॉलर ट्यूनसारखी रुक्ष सेवा त्यांनी अर्ध्या मिनिटाच्या प्रहसनात बसवली. आयडियाची जातीय दंगलीवरची जाहिरात तेवढी उतरली नाही. गावाने नावे टाकून मोबाईल नंबरांनी एकमेकांना ओळखायचे, हा तोडगा चटपटीत होता. पण जात सिमकार्डाने सुटते, असे मानण्यातला भाबडेपणा लपत नव्हता.

या बहराला दोन धक्के बसले. 2011 मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर झाली आणि निष्ठेचा आधार गेला. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आले, बोलणे फुकट झाले, डेटा स्वस्त झाला. मग कंपन्यांच्या जाहिराती दरपत्रकासारख्या दिसू लागल्या. इतके दिवस विकला जाणारा मोबाईल याच सुमारास स्वतःच बाजारपेठ बनला होता. तिची भुरळ एवढी, की कपडे विकणाऱ्या मिंत्राने 2015 मध्ये संकेतस्थळ बंद करून फक्त अ‍ॅपवर दुकान चालवायचे ठरवले. पुढच्याच वर्षी संकेतस्थळ परत सुरू करावे लागले. गिऱ्हाइकाला एकाच दारातून आत घ्यायचा हट्ट अंगाशी आला.

या बाजारपेठेतले माझ्या मते सर्वांत कसदार काम मात्र स्मार्टफोनवर झालेच नाही. हिंदुस्थान युनिलिव्हरने 2013 मध्ये बिहार-झारखंडसाठी ‘कान खजूरा तेसन’ काढले. वीज बेभरवशाची, टीव्ही घरोघरी नाही, पण साधा फोन खिशात. लोकांनी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. उलट फोन यायचा आणि गाणी, विनोद फुकट ऐकायला मिळायचे, मध्ये मध्ये साबण-क्रीमच्या जाहिराती. पैसे वाचवायला लोकांनीच शोधलेली मिस्ड कॉलची युक्ती कंपनीने उचलली. जाहिरात होती, पण ती ऐकायची की नाही हे ठरवणारा गिऱ्हाईक होता.

आज हा क्रम उलटला आहे. जेवणाचे, किराण्याचे, कर्जाचे अ‍ॅप दिवसातून कितीदा तरी आपणहून हाक मारते. नोटिफिकेशन लिहिणे ही आता स्वतंत्र कारागिरी आहे, आणि दोन ओळींत कोटी साधणारे चांगले लेखक तिथे आहेत. मराठी वाचकाच्या वाट्याला मात्र बऱ्याचदा हिंदी ओळीवर मराठी प्रत्यय चिकटवलेला मजकूर येतो. त्याहून वाईट म्हणजे शब्दांची जागा सापळ्यांनी घेतली आहे: ‘शेवटचे दोनच नग’ म्हणून खोटी घाई, न सांगता पिशवीत टाकलेली वस्तू, नकार दिला की लाजवणारे बटण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये असे 13 प्रकार नियमावलीत नोंदवले. एखाद्या कलेतल्या क्लृप्त्यांची यादी सरकारला करावी लागते, तेव्हा तिची तब्येत ठीक नाही हे उघड आहे.

दिलासा मिळतो तो छोट्या धंद्यांकडून. दिवाळीआधी फराळ करणारी बाई व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तळणीतल्या चकल्यांचा फोटो टाकते, खाली किलोचा दर आणि ‘ऑर्डर वसुबारसेपर्यंत’. फोटोत ओट्यावरचा तेलाचा डबाही दिसतो. तो झाकायची तिला गरज वाटत नाही. ज्याला हवे तो स्टेटस उघडतो, विचारतो, पैसे पाठवतो. तिच्याकडे ना एजन्सी, ना डेटा. पण कोणी कोणाला हाक मारायची, याचे भान तिला पक्के आहे.

मोबाईलवरच्या ब्रँडिंगची कसोटी मला इथेच दिसते. हचच्या कुत्र्याला पुन्हा बघायला लोक थांबत. आजच्या अ‍ॅपला मोजमाप आहे ते किती बोटे पडली याचे. त्यातली किती राजीखुशीने पडली, हा आकडा कोणी मागत नाही. तो मागितला जाईपर्यंत या कलेत हुशारी वाढेल, आपुलकी वाढणार नाही.