रवंथ करणारा ब्रॅकिओसॉरस

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ज्युरासिक पार्क’मधला पहिला अजस्र डायनासोर कुणालाच घाबरवत नाही. ब्रॅकिओसॉरस मागच्या पायांवर उभा राहून शेंड्याचा पाला ओढतो आणि जबडा आडवा हलवत सावकाश चावत बसतो. १९९४ मध्ये सिनेमा हिंदीत आला, तेव्हा शहाद्यासारख्या गावातल्या प्रेक्षकाची इंग्रजीची अडचण मिटली. या दृश्याला तर हिंदीही लागत नव्हती. गोठ्यात रवंथ करणारं जनावर रोज पाहणाऱ्याला हा प्राणी लगेच आपला वाटतो.

विज्ञानाच्या हिशेबानं मात्र हे चावणंच चूक आहे. या कुळातल्या प्राण्यांना चघळायला दाढाच नव्हत्या. ते पाला ओरबाडून तसाच गिळत. पण दिग्दर्शकानं त्याची गाय केली, म्हणून पुढे झाडावर बसलेल्या मुलांच्या तोंडाशी ती अवाढव्य मान येते तेव्हा धसका बसत नाही, उलट हात लावावासा वाटतो. ही चूक दृश्याच्या कामी येते. सिनेमातल्या बाकीच्या चुकाही याच कसोटीवर घासून पाहाव्यात.

नावापासूनच सुरुवात करता येईल. टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, व्हेलोसिरॅप्टर हे मुख्य नट ज्युरासिक काळातले नाहीत, त्यानंतरच्या क्रिटेशस काळातले आहेत. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता. त्याला पिसं असल्याचा हाडावरचा पुरावा २००७ मध्ये मिळाला, तेव्हा १९९३ च्या सिनेमाला त्याचा दोष देता येत नाही. उलट, पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, हा तेव्हा अभ्यासकांच्या वर्तुळात फिरणारा विचार याच सिनेमानं घराघरांत नेला. स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेवर रॅप्टरचा श्वास पडतो आणि काच धुरकटते. हा प्राणी सरड्यासारखा थंड नाही, हे एका फुंकरीत सांगून होतं. शेवटी हेलिकॉप्टरच्या खिडकीतून पेलिकन उडताना दिसतात, तेही उगाच नाही.

सिनेमा दाखवण्याऐवजी समजावून सांगायला लागला, की मात्र घसरतो. ज्यातल्या डीएनएपासून डायनासोर पुन्हा घडवले जातात, ते डासाच्या पोटातलं रक्त ज्या राळेत मिळतं, तिची खाण सिनेमात डॉमिनिकन रिपब्लिकमधली आहे. तिथली राळ जेमतेम दीड-दोन कोटी वर्षांची, आणि डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आपली तापी शहादा तालुक्यातून पुढे ज्या सुरत जिल्ह्यात जाते, तिथल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतही कीटक अडकलेली राळ मिळाली आहे. ती सुमारे ५ कोटी वर्षांची, म्हणजे तिलाही उशीरच झाला. शिवाय न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार डीएनएचे निम्मे दुवे ५२१ वर्षांतच तुटतात. लायसिनची युक्ती तर हास्यास्पद आहे. प्राण्यांना शरीरात लायसिन बनवता येणार नाही अशी व्यवस्था केली आहे, पार्कनं ते पुरवलं नाही तर ते मरतील, असं तंत्रज्ञ सांगतो. पण ते तुम्हाआम्हालाही बनवता येत नाही. म्हणून तर वरणात तूर लागते.

कथेतलं सगळ्यात मोठं भगदाड टी-रेक्सच्या रात्रीचं. ग्लासातलं पाणी थरथरतं, आमिषाला बांधलेला बोकड गायब होतो, त्याचा पाय गाडीच्या काचेवर आदळतो आणि कुंपणाच्या तारा तोडून प्राणी सपाट जमिनीवरून रस्त्यावर येतो. थोड्याच वेळात त्याच कुंपणापलीकडे खोल खाई निघते आणि गाडी तिच्यात कोसळते. पहिल्यांदा पाहताना हे ध्यानात येत नाही, कारण कॅमेरा पावसात, अंधारात, मुलांसोबत गाडीत कोंडलेला असतो. भेदरलेल्या माणसाला जेवढी जमीन दिसते, तेवढीच आपल्यालाही दिसते. त्या प्रसंगात टॉर्चच्या झोतात टी-रेक्सची बाहुली बारीक होते. इतका जिवंत डोळा असलेल्या प्राण्याला समोर निश्चल उभा माणूस दिसू नये, आणि टोपी उडेल इतक्या जवळून फुसकारूनही त्याचा वास येऊ नये, हे पटत नाही. टी-रेक्सची नजर आणि नाक, दोन्ही तिखट होती.

तरीही ही रात्र आपण माफ करतो. शेवटचा प्रसंग करू नये. ज्याच्या पावलानं पाणी थरथरलं, तोच टी-रेक्स उजेडातल्या दालनात चाहूल न देता येतो आणि ऐन वेळी नायकांना वाचवतो. खाईनं भीती वाढवली होती, इथल्या लबाडीनं फक्त लेखकाची सुटका होते. विज्ञानाचा नियम मोडलेला प्रेक्षक चालवून घेतो. पण पाण्याच्या ग्लासाचा नियम सिनेमानं स्वतःच घातला होता.

शहाद्याहून तोरणमाळ चढताना दिसणारा काळा पाषाण डायनासोरांच्या अखेरच्या काळातल्या लाव्ह्याचा. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धार जिल्ह्यात त्यांची अंडी सापडतात. २०२३ मध्ये तिथल्या २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बातमी आली, की पाडल्या गावात शेताच्या राखणीसाठी ‘काकड भैरव’ म्हणून पुजले जाणारे गोल दगड म्हणजे अशीच अंडी आहेत. जीवाश्माभोवती गोष्ट रचायला हॉलिवूडच लागतं असं नाही. पाडल्याची गोष्ट तर जास्त बंदिस्त आहे: तिला अंड्यातून प्राणी बाहेर काढायचाच नाही, त्यामुळे ती डीएनएपाशी अडत नाही. स्पीलबर्गला तो काढायचा होता. काचेवरच्या श्वासात तो त्याला साधला, लायसिनच्या व्याख्यानात नाही.