बारा रकान्यांचं वर्ष

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका महिला बचत गटाचं दप्तर माझ्यासमोर उघडं आहे. हजेरी आणि इतिवृत्ताची वही, रोख पुस्तिका, बचत-कर्जाची खातेवही, सदस्यांची छोटी पासबुकं, आणि सगळ्यांच्या तळाशी प्रत्येक घराचा वर्षभराचा आराखडा. गावाचं नाव, बायकांची नावं इथे लिहीत नाही. घरच्या पैशाअडक्याला तेवढा आडोसा असावा. या दप्तराकडे लोक बेरजा तपासण्यापुरते बघतात. बँकेचा साहेब शेवटचं पान पाहतो, लेखापरीक्षक शिल्लक जुळवतो. ओळीमागून ओळ वाचणारा क्वचितच भेटतो, आणि या लेखनाचं कसब तर ओळींतच आहे. एका घराने वर्षभरात काय करायचं ठरवलं आणि त्यातलं कुठवर आलं, हे इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेलं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

साचा यांचा स्वतःचा नाही, हे आधी सांगायला हवं. नाबार्डने १९९२ साली देशभरात ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) महाराष्ट्रात गटांचं जाळं विणलं. २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने त्यांना दशसूत्री घालून दिली: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी, आणि पुढे आरोग्य, शिक्षण, पंचायत, योजना, उपजीविका. रकाने छापून आलेले, मथळे ठरलेले. पण ओवीचेही चरण ठरलेलेच असतात, आणि तरी चांगली ओवी आणि भरताड ओवी कानाला लगेच वेगळ्या कळतात.

आराखड्यातलं सर्वांत सुंदर पान बारा महिन्यांचं. वर उत्पन्न, खाली खर्च, आडवे बारा रकाने. छपाई एप्रिलपासून सुरू होते, कारण बँकेचं वर्ष एप्रिलचं. पण लिहिणारीने प्रत्येक महिन्याच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने सण टिपले आहेत: पाडवा, आषाढी, पंचमी, पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा. बारीक अक्षर, सहज नजरेतून निसटावं असं. समोर बसलेल्या बाईला ‘ऑगस्टमध्ये हातात किती येतात?’ असं विचारलं तर ती अडखळते; ‘पंचमी ते पोळा खुरपणीचे किती होतात?’ म्हटलं की उत्तर तयार असतं. पेन्सिलीतल्या त्या सणांमुळे बँकेचं वर्ष आणि घराचं वर्ष एकाच तक्त्यात नांदायला लागतात. याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, संतकवी दासोपंतांनी पंचीकरणासारखा किचकट तात्त्विक विषय चाळीसेक फूट लांबीच्या कापडी पासोडीवर मांडला, सगळं एकदम नजरेपुढे उलगडावं म्हणून. मोठं काही आडवं पसरून दाखवायची ती ओढ इथे एका फुलस्केप पानावर आहे, आणि मला ती कमी मोलाची वाटत नाही.

आता एका घराचे रकाने वाचू. जून: बियाणं, खत, शाळेची पुस्तकं, उत्पन्नाच्या घरात शून्य. जुलै-ऑगस्ट: खुरपणीची मजुरी. सप्टेंबर-ऑक्टोबर: सोयाबीन काढणी, आणि एक छोटी रक्कम ‘सीताफळं’ म्हणून. बालाघाटाच्या माळावरची सीताफळं आता भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत, पण या घरात ती येतात ती पाटीने, पहाटे वेचून रस्त्यावर नेऊन विकलेली. आणि त्या रकमेपुढे बाणाने खर्चाच्या घरातली ‘दिवाळी, कपडे’ ही नोंद जोडली आहे. कोणत्या पैशातून काय भागायचं, ते एका बाणात आलं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाच रकाने मात्र वेगळेच. त्यांत आकडा नाही, पाचांवरून तिरपा एकच शब्द लिहिलाय: ‘बाहेर’. घर ऊसतोडीला गेलेलं आहे. रकाने रिकामे ठेवले असते तर वाचणाऱ्याला ते विसरलेले वाटले असते, अंदाजे आकडे भरले असते तर ते खोटे ठरले असते. त्या एका शब्दाने दोन्ही टाळलं.

उचलीची नोंद वाचावी ती इथेच. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम मिळते. त्या दिवशी घरात वर्षातला सर्वांत मोठा पैसा येतो. साहजिकच हात उत्पन्नाच्या रकान्याकडे जातो. या आराखड्यात उचल तिथे नाही. ती ‘देणी’ या पानावर आहे, सोनाराच्या बाकीच्या वर, पहिल्या क्रमांकाला. अजून न केलेल्या कामाचा पैसा हे देणंच, ही गोष्ट मोठमोठ्या ताळेबंदांत तळटीप देऊन सांगावी लागते. इथे तिची जागाच ते सांगते. पुढे आणखी एक बारकावा. उचलीपुढे रुपयांबरोबर टनही लिहिले आहेत. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. त्या दराने एक लाखाची उचल म्हणजे २७३ टन ऊस. जोडीने दिवसाला दोन टन तोडला तर १३७ दिवस. हंगाम तेवढा चालला, कुणी आजारी पडलं नाही, खाडे पडले नाहीत, तर उचल फिटते. रुपयांत लिहिलेलं कर्ज डोळ्यांना दिसतं; टनांत लिहिलेलं पाठीला आणि मनगटाला कळतं. कर्ज कुणी कशात मोजावं हे ज्याला कळलं त्याने हिशेब खरा केला, असं मी मानते. आणि या पानावर उसाचे वाढे विकून आलेले सुटे पैसे उचलीत मिसळलेले नाहीत; ते वेगळ्या ओळीत, बाईच्या नावावर आहेत.

घराच्या पानावर ‘घर बांधणे’ असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि याचं मला फार कौतुक वाटतं. जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीपुढे महिना. प्रधानमंत्री आवास योजनेचे १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात, किमान पंचवीस चौरस मीटरच्या घरासाठी. प्रत्येक टप्प्याला फोटो काढून चढवावा लागतो. आराखडा त्या हप्त्यांच्या चालीने चालतो, पण एका ठिकाणी वाट सोडतो. स्लॅबनंतर नेहमीच्या क्रमाने गिलावा यायला हवा. इथे आधी लिहिलंय ‘दार, लोखंडी’, आणि त्यासाठीच गटाकडे कर्जाची मागणी. पहिल्या वाचनात हा क्रम चुकल्यासारखा वाटतो. मग महिन्यांच्या पानावरचा तो तिरपा शब्द आठवतो. पाच महिने घराला कुलूप असणार आहे. गिलाव्यावाचून भिंत उभी राहते, दारावाचून घर मागे सोडून जाता येत नाही. दोन पानांनी एकमेकींना दिलेला हा दुजोरा कुणी मुद्दाम योजलेला नाही. घर खरोखर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं की तो आपोआप येतो.

सगळ्या घरांच्या मागण्या गटापुढे आल्या की क्रम लावायचा असतो, कारण पैसा एकदम सगळ्यांना पुरत नाही. या यादीतल्या खाडाखोडीच वाचनीय आहेत. मोटारसायकलचा हप्ता पहिला होता, तो चौथा झाला. शेळीचं कर्ज दुसरं राहिलं. सर्वांत वर, नंतर घुसवलेल्या अक्षरांत, ‘पोटदुखी, बीडला दाखवणे’. या तीन शब्दांमागे काय आहे ते जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. २०१९ साली शासनाच्या चौकशी समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हंगामात पोट दुखलं की खाडा, खाडा झाला की दंड, आणि त्यावर उपाय म्हणून ऑपरेशन, अशी साखळी अनेकींनी तेव्हा बोलून दाखवली. म्हणून ‘दाखवणे’ हे क्रियापद मला मोलाचं वाटतं. हंगामाला जाण्याआधी, सवडीने, आधी तपासणी. गटाने एका बाईच्या दुखण्याला मोटारसायकलीच्या वर जागा दिली, आणि वही ती जागा कुणी बदलली हेही सांगते: बाजूला सगळ्या जणींच्या सह्या आहेत.

बचतीची खातेवही वरवर एकसुरी. महिन्याला शंभर, पानभर शंभर. पण हंगामाहून परतलेल्या सदस्यांच्या पानांवर थांबावं. बाईने एप्रिलमध्ये पाच महिन्यांचे पाचशे एकदम भरले. रोख पुस्तिकेत त्या दिवशी पाचशेची एकच नोंद आहे, बरोबरच आहे, कारण रोकड तारखेला बांधलेली. खातेवहीत मात्र तेच पाचशे नोव्हेंबर ते मार्च अशा पाच घरांत शंभर-शंभर करून बसवले आहेत आणि प्रत्येकापुढे एप्रिलची तारीख घातली आहे. बचत चुकली नाही हे दिसतं, उशिरा आली हेही दिसतं. बाईचा मान राहिला आणि हिशेबही खरा राहिला. दुहेरी नोंदीचं शास्त्र शिकवणाऱ्याने हे पान वर्गात न्यावं.

इतिवृत्ताची भाषा थोडक्यात. ‘मागणी केली’, ‘चर्चा झाली’, ‘सर्वानुमते मंजूर’, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. कोरडी वाटेल, पण हे लेखन वाचून दाखवण्यासाठी आहे. गटातल्या सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून मागच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्याने वाचतात आणि चूक असेल तर ऐकणारी थांबवते. वाक्यं त्यामुळेच आखूड आहेत. एका वाक्यात एक नाव, एक रक्कम. कानाला पटतील अशीच ती घडली आहेत.

वर्षाच्या शेवटी भरायचा एक रकाना आहे, ठरवलेल्यातलं काय झालं याचा. इथे मला वाटलं होतं बरोबरच्या आणि चुकीच्या खुणा असतील. तशा नाहीत. ‘दार बसवलं, गिलावा आतून झाला.’ ‘शेळीचे ९,००० पैकी ५,५०० फेडले, दोन करडं.’ ‘उचल फिटली नाही, १८ टन अंगावर.’ ‘बीडला दाखवलं, गोळ्या चालू.’ प्रत्येक गोष्ट जिथवर आली तिथवर लिहिलेली, आणि पुढच्या आराखड्याची पहिली ओळ तिथूनच सुरू. वर्ष संपलं म्हणून काम संपलं किंवा बुडालं असं हे दप्तर मानत नाही. उस्मानाबादी शेळीची दोन करडं इथे परतफेडीच्या आकड्याशेजारी बसली आहेत हेही बघण्यासारखं. कर्ज किती उरलं आणि ते फेडणारं काय वाढतंय, दोन्ही एका नजरेत.

एकाच बाबतीत माझी या साच्याशी तक्रार आहे. त्यात आवडीला जागा नाही. शेती, पशुधन, घर, शिक्षण, आजारपण, लग्न, आणि शेवटी ‘इतर’. बायकांनी आपली हौस या ‘इतर’मध्ये दडवली आहे. एका घरी ‘पंढरपूर, आषाढी, ५००’. दुसरीकडे ‘टाळ, एक जोडी, भजनासाठी’. तिसरीकडे ‘गोधड्या २, एक लेकीला’. गोधडीच्या नोंदीशी मी फार वेळ रेंगाळले. जुन्या लुगड्यांना पैसे पडत नाहीत, म्हणून रकमेच्या घरात फक्त दोऱ्याचे शंभर रुपये आहेत. तरीही बाईने ती वर्षाच्या ध्येयांत धरली, उसाच्या फडाशेजारी कोपीतल्या थंडीसाठी एक आणि सासरी गेलेल्या लेकीसाठी एक. शेवटच्या रकान्यात लिहिलंय: ‘एक पुरी, दुसरीचं अस्तर झालं.’ उचल, स्लॅब आणि शेळी यांना जी शिस्त लावली, तीच शिस्त तिने आपल्या हौसेलाही लावली. तीही मापाने, टप्प्याने, खरं लिहून. साचा छापणाऱ्यांनी पुढच्या खेपेला ‘इतर’च्या वर आवडीची एक स्वतंत्र ओळ द्यावी, आणि तिच्यापुढे रकमेऐवजी महिना लिहायला रुंद जागा ठेवावी, कारण गोधडीला दोऱ्यापेक्षा जास्त लागतात त्या मोकळ्या दुपारी.