'अक्करमाशी'तील संतामाय : सांभाळ आणि श्रम

मराठी साहित्यात आजी प्रामुख्याने गोष्टी सांगणारी, लाड पुरवणारी म्हणून अवतरते. तिचा सांभाळ हेही श्रमच असतात, ही बाब त्या प्रतिमेत झाकली जाते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनाची चर्चा बहुतांशी बापाच्या नावाभोवती फिरत राहिली. परंतु या संहितेतील मूल जगते ते आजीच्या, संतामायच्या आधारावर. शेणातून वेचून धुतलेल्या ज्वारीची भाकरी ती स्वतःसाठी ठेवते, नातवाला चांगली देते. तो हट्टाने तिची भाकरी चाखतो, तेव्हा शेणाच्या वासाने त्याला घास गिळवत नाही. मायेचा पुरावा येथे अन्नाच्या वाटणीत आहे. संतामायसोबत राहणारे महमूद दस्तगीर जमादार हेही रक्ताचे नाते नसताना मुलाचे 'दादा' ठरतात. वंश जे नाकारतो, ते सांभाळ देतो.

धर्माबादसारख्या भागात आजही आई मजुरीला गेली की लेकरू आजीच्या हवाली होते. तिचा थकवा, तिची चिडचिड 'माया' या शब्दाआड दडते. म्हणूनच आत्मकथनांच्या समीक्षेने बापाच्या नावाइतकाच आजीच्या कष्टांचाही हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.