तीन शतं, तीन क्षण

गाजलेली मंडळी फुटली की तिचं शेवटचं गाणं कोणतं, याचा निकाल रसिक आपल्या मनानेच लावून टाकतात. स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ची फुटण्याआधीची शेवटची तबकडी 1982 च्या डिसेंबरात निघाली, ‘अंडर अटॅक’ची. पण पुष्कळ चाहत्यांच्या लेखी निरोपाचं गाणं म्हणजे त्याच्या आधीचं ‘द डे बिफोर यू केम’. आपल्या बळवंत संगीत मंडळीचंही तसंच झालं आहे. 1933 मध्ये तिने विश्राम बेडेकरांचं ‘ब्रह्मकुमारी’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा तारखा पाहिल्या तर मान त्या नाटकातल्या पदांचा. माझ्यापुरतं मात्र बळवंतचं निरोपाचं पद त्याच्या दोन वर्षं आधीचं आहे, सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’ नाटकामधलं ‘शतजन्म शोधिताना’. ते लिहिलं गेलं रत्नागिरीत.

मंडळीचा पूर्वेतिहास थोडक्यात. 1918 साली मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत काढली. दीनानाथांनी वयाची अठरा वर्षंही पुरी केली नव्हती. गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ या मंडळीने केलं, वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभि’ही केलं, आणि दोन्हींची पदं अजून लोकांच्या तोंडी आहेत. बालगंधर्वांचं गाणं कानावरून मोरपीस फिरवीत जाई, तर दीनानाथांचं समोर येऊन उभं ठाकत असे. आवाज टोकदार, ताना चपळ, तार सप्तकात सहज झेप. असा गवय्या स्त्रीपार्ट करायचा आणि ती स्त्री लेचीपेची वाटायची नाही.

आता 1931 साल. सावरकर 1924 पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारण बंद, आणि परवानगीखेरीज जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या वर्षी 22 फेब्रुवारीला भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलेलं पतितपावन मंदिर सगळ्या जातींसाठी उघडलं. तीन आठवड्यांनी, 14 मार्चला, मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलायला लागला. त्याच वर्षी बळवंतने ‘संन्यस्त खड्ग’ उभं केलं. चाली वझेबुवांच्या. बुवा सावंतवाडी संस्थानातले, दीनानाथ मंगेशीचे आणि शब्द रत्नागिरीहून आलेले. इतकी कोकणपट्टी एका पदात क्वचितच जमते.

नाटक वादाचं आहे. शाक्यांचा सेनापती विक्रम बुद्धाचा उपदेश ऐकून शस्त्र खाली ठेवतो, पुढे राज्यावर परचक्र येतं, आणि त्याला पुन्हा खड्ग उचलावं लागतं. अहिंसेच्या अतिरेकाविरुद्ध सावरकरांना जे म्हणायचं होतं ते पात्रांच्या तोंडून भरपूर म्हणून झालं आहे. स्पष्टच सांगायचं तर हे संवाद आज वाचताना दम लागतो. पदांचं तसं नाही. विक्रमाचा मुलगा वल्लभ, त्याची सुलोचना. ही भूमिका दीनानाथांची. युद्धाने ताटातूट झालेली ही बायको सखीपाशी आपलं दुःख बोलते तेव्हा हिंसा-अहिंसेचा वाद बाजूला पडतो.

पदाचा आशय दोन वाक्यांत सांगता येतो. शेकडो जन्म शोध घेतला, तळमळ वाया गेली, कितीतरी सूर्यमालिका दिव्यांच्या ओळींसारख्या विझून गेल्या, तेव्हा कुठे प्रियकर क्षणभर भेटला. आणि मी उठून मिठी मारायच्या आत तो क्षणही हातातून गेला.

खरी मौज बांधणीत आहे. पद बारा छोट्या चरणांचं, आणि प्रत्येक चरण नेमक्या बारा मात्रांचा. बोटं मोडून मोजून पाहावं, एक मात्रा कमी-जास्त सापडणार नाही. चरणाच्या सुरुवातीला दोन मात्रांची जागा आहे. तिथे एक गुरू अक्षर बसतं किंवा दोन लघू. बारांपैकी आठ चरणांत सावरकरांनी दोन लघू बसवले आहेत. ते आठ शब्द ओळीने लिहिले तर असे येतात: शत, शत, शत, क्षण, सुख, मिठि, क्षण, सखि. बाकीचं पद हरवलं आणि एवढेच शब्द हाती लागले, तरी गोष्ट कळेल.

‘शत’ तीनदा येतो. ‘क्षण’ही तीनदाच येतो. दोन्ही शब्द दोनच मात्रांचे, त्यामुळे छंदाच्या तराजूत शंभर आणि एक यांचं वजन सारखं पडतं. तिसरा ‘क्षण’ चरणाच्या आरंभी न येता मध्ये, त्याच चरणातल्या दुसऱ्या ‘क्षणा’ला खेटून येतो. सगळ्या पदात दोन ‘क्षण’ इतके जवळ कुठेच नाहीत, आणि नेमकं तिथेच भेट संपते.

उरलेले चार चरण गुरू अक्षराने सुरू होतात. त्यांतला एक दिवे विझण्याचा, एक भेटीचा, एक सिद्धीचा आणि एक ‘हाय’ म्हणून कळवळण्याचा. म्हणजे जिथे पद वळण घेतं तिथे पाय जड पडतो. सावरकरांनी हे हिशेब करून बसवलं असेल असं मला वाटत नाही. अंदमानात कागद-लेखणीवाचून ज्याने हजारो ओळी पाठ करून सांभाळल्या, त्याच्या कानात वृत्त इतकं मुरलेलं असणार की हिशेबाची गरजच नसावी.

भेटीच्या कडव्यात ‘गाठी’वर यमक आहे. एकदा गाठ पडणे, आणि एकदा सिद्धी गाठणे. या श्लेषाने मी तरी हुरळून जात नाही, पंतकवींची सवय सावरकरांना सुटली नव्हती एवढंच. पण लगेच पुढच्या कडव्यात भाषा घरगुती होते. युगं, सिद्धी, सूर्यमालिका अशा भारदस्त शब्दांनंतर एकदम उठणं, मिठी आणि ‘हातचा’ सुटणं. ब्रह्मांडातून बाई थेट माजघरात येते. आणि तिचं दुःख विरहाचं म्हणावं तर पुरतं तेही नाही. उठायला उशीर झाला याची ही चुटपुट आहे.

या पदात कवीचं आयुष्य शोधण्याचा मोह होतो. 1910 ला अटक, मग काळं पाणी, आणि संसाराला पुन्हा आरंभ 1924 मध्ये. असं वाचायला हरकत नाही, पण पदाला त्याची गरज नाही. तसाच मोह मंडळीच्या बाबतीत. बोलपट आला, नाटक मंडळ्यांचे धंदे बसायला लागले, 1934 मध्ये बळवंतची माणसं ‘कृष्णार्जुन युद्ध’ घेऊन स्वतःच पडद्याकडे गेली, आणि मंडळी पुन्हा सावरली नाही. 1942 च्या एप्रिलात दीनानाथ पुण्यात वारले, बेचाळिशीही न गाठता. एवढं ठाऊक असल्यावर निसटलेल्या क्षणाचं पद ऐकताना बळवंत डोळ्यांपुढे येणारच. हा अर्थ आपण मागाहून लावलेला आहे. ‘संन्यस्त खड्ग’ उभं करताना कुणी निरोप घेत नव्हतं. चालेल असं नाटक हवं होतं, ते मिळालं आणि त्याच्या तालमी झाल्या. तरी मी हा अर्थ टाकून देणार नाही. वेळेवर न उठल्याची खंत नाटक मंडळ्यांना जितकी लागू पडते तितकी क्वचितच कुणाला पडत असेल.

रत्नागिरीत नाट्यसंगीताला श्रोता अजून आहे, शिकणारी मुलंही आहेत, आणि हे पद स्पर्धांतून हमखास कानी येतं. बहुतेक जण पहिल्या ‘शत’वरच आवाज फेकतात. दाद मिळते, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या ‘शत’वर आणखी जोर. शेवटच्या कडव्यापर्यंत दम संपलेला असतो आणि ते कसंबसं उरकलं जातं. खरं तर तीन शतं पायऱ्यांसारखी एकसारखी चढून जावीत आणि राखलेला श्वास त्या दोन लागोपाठच्या ‘क्षणां’साठी ठेवावा. कसब दाखवायला ‘सूर्यमालिकां’ची जागा ऐसपैस आहे. ‘मिठी’वर मात्र तान घेऊ नये, तिथे थांबायला सुलोचनेला वेळच मिळालेला नाही.