जहागीर, मक्ता आणि तुरुंग

परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, तेथे पायगांसारख्या मोठ्या जहागिरींची न्यायालये, पोलीस व तुरुंगही स्वतंत्र होते. १९४९ साली जहागिरी बरखास्त झाल्या; ‘ही काय तुझी जहागीर आहे?’ हा लोकांचा आक्षेप मात्र भाषेत टिकून राहिला.

‘खाजगी तुरुंग’ ही संज्ञा आम्हांस सदोष वाटते. खाजगी होतो तो तुरुंगाचा मक्ता. भारतात असा मक्ता आजवर दिला गेलेला नाही, हे खरे. परंतु १८९४ च्या कारागृह अधिनियमातील व्याख्या पाहावी. शासनाच्या आदेशान्वये कैद्यांना अटकेत ठेवण्यासाठी ‘वापरली जाणारी’ जागा म्हणजे तुरुंग. प्रयोग कर्मणी, कर्ता अनुक्त! आदेश शासनाचा, किल्ली कोणाची, याविषयी व्याख्या मौन पाळते.

खर्चाच्या हिशेबात या मौनाचे महत्त्व ध्यानी येत नाही. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली खाजगी तुरुंगाचा कायदा रद्द केला, तो नेमक्या याच कर्त्याच्या प्रश्नावर: नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने माणसाला कोंडणे हाच त्याच्या स्वातंत्र्यावर व प्रतिष्ठेवर आघात होय. ब्रिटनने मात्र १९९२ सालीच वोल्ड्स येथील तुरुंग कंपनीच्या हाती दिला होता.

आपल्या संविधानात तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे. तेव्हा या वाक्याचा कर्ता महाराष्ट्र शासनानेच स्पष्ट शब्दांत लिहावयास हवा.